ओळख पटवा, मग आत या!

"मामा, काड्या चारही दिसताहेत, पण आत काही घेत नाही!"

माझा भाचा हे म्हणाला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. आम्ही दोघे एका विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या जिन्यात बसलो होतो. (विद्यापीठाचे नाव सांगत नाही. मुलाला अजून तिथूनच पदवी घ्यायची आहे.) २०२२ सालच्या ऑगस्टची ही गोष्ट. बाहेर पावसाने धार धरलेली. शिष्यवृत्तीचा अर्ज रात्री बारापर्यंत भरायचा, आणि त्याला जोडायचा उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशी दुपारी तहसीलमधून सुटलेला. तो छातीशी धरून मी एस्टीने बार्शीहून आलो होतो. आता उरले होते ते फक्त त्याचा फोटो काढून अर्जाबरोबर धाडणे!

वसतिगृहाची इमारत जुनी, दगडी, भिंती हातभर रुंद. मोबाइल कंपनीची रेंज खिडकीशी यायची आणि दोन पावले आत सरकताच पसार व्हायची. अर्ज अर्ध्यावर चढे आणि तुटे. विद्यापीठाचे स्वतःचे वाय-फाय मात्र जिन्यात अगदी डोक्यावर होते. छताला चिकटवलेली पांढरी बशी आणि तिच्यातला हिरवा दिवा आम्हाला खुशाल दिसत होता. फोनमध्ये त्याचे नावही दिसत होते. नावावर बोट ठेवले की नाव विचारी, पासवर्ड विचारी. आणि भाच्याला या दोन्ही गोष्टी अजून मिळालेल्याच नव्हत्या. त्याचा प्रवेश शेवटच्या फेरीतला. प्रवेश विभागाची यादी संगणक केंद्राकडे आठवड्यातून एकदा जाते आणि केंद्र संध्याकाळी सहाला बंद होते, असे रखवालदाराने सांगितले.

शेवटी भाच्याच्या खोलीतला मुलगा मदतीला आला. लातूरकडचा, एक वर्ष पुढचा. "काका, त्यात काय एवढं! माझा पासवर्ड घाला," असे म्हणून त्याने स्वतःच्या हाताने भाच्याच्या फोनात तो घातला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज गेला. मी त्या पोराची पाठ थोपटली. तीच पाठ दोन महिन्यांनी अडचणीत येणार होती, आणि तीही आमच्यामुळे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

तेहेतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. विद्युत-चुंबकीय लहरी फळ्यावर किती वेळा काढल्या असतील त्याची गणती नाही. पण लहर दारापर्यंत येऊनही दार का उघडत नाही, हा प्रश्न कुठल्या क्रमिक पुस्तकात नव्हता. परतीच्या एस्टीत तो डोक्यात बसला तो बसलाच. पुढे निवृत्त माणसाच्या सवडीने वाचत गेलो, विचारत गेलो.

हवाईतली पंगत

पहिले नवल मला वाटले ते हे की, संगणकांच्या बिनतारी जाळ्याचा जन्मच मुळी एका विद्यापीठात झाला. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरचे विद्यापीठ. मुख्य आवार ओआहू बेटावर, महाविद्यालये आणि केंद्रे इतर बेटांवर, आणि मध्ये समुद्र. मोठा संगणक एकच, तोही मुख्य आवारात. नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक तिथे होते. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना नाद, आणि हवाईला जाण्याचे तेही एक कारण होते असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरच्या केंद्रांना रेडिओलहरींनी त्या संगणकाशी जोडायचे ठरवले, आणि १९७१ च्या जूनमध्ये हे जाळे चालू झाले. नाव ठेवले अलोहानेट. अलोहा म्हणजे हवाईचा रामराम. मुख्य संगणकापुढे निरोप झेलायला जे छोटे यंत्र बसवले त्याला नाव दिले मेनेहुने, म्हणजे तिथल्या लोककथांतले रात्रीतून गुपचूप कामे उरकणारे बुटके लोक.

अडचण वेगळीच होती. सगळ्या केंद्रांना बोलायला कंपनसंख्या एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया. यावर अब्रॅमसन यांनी काढलेला तोडगा इतका साधा आहे की हसू यावे. ज्याला जेव्हा बोलायचे तेव्हा त्याने बोलावे! पलीकडून 'पोचले' अशी पावती आली तर ठीक. नाही आली, तर थोडा वेळ, पण प्रत्येकाने निराळा, अंदाजाने ठरवलेला वेळ थांबून पुन्हा बोलावे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला हाका मारतात ना, तसे. दोघे एकदम "वरण!" म्हणून ओरडले की वाढप्याला कुणाचेच कळत नाही. मग एक जण जरा आधी ओरडतो, दुसरा जरा नंतर, आणि वरण दोघांनाही मिळते.

अर्थात या पद्धतीला किंमत आहे. गणिताने असे निघते की, अशा मोकाट बोलण्यात उपलब्ध वेळापैकी जास्तीत जास्त १८ टक्केच वेळ सत्कारणी लागतो. बोलणे ठरावीक ठोक्यालाच सुरू करायचे एवढे बंधन घातले तर तो आकडा दुप्पट, म्हणजे ३७ टक्क्यांच्या घरात जातो. आजचे वाय-फाय याहून शहाणे आहे. ते बोलण्याआधी कान देऊन ऐकते, कुणी बोलत असेल तर थांबते. पण टक्कर झाल्यास निरनिराळा वेळ थांबण्याची ती हवाईची युक्ती आजही त्याच्या पोटात आहे. अब्रॅमसन २०२० च्या डिसेंबरात वारले.

ज्याला व्याख्यानाच्या दालनात वाय-फाय रडतखडत चालण्याचे कारण हवे असेल त्याने ही पंगत ध्यानात ठेवावी. छतावरच्या एका बशीभोवती शंभर पोरे बसलेली असतात. त्या सगळ्यांना बोलायची हवा तीच. फोनमधल्या चार काड्या एवढेच सांगतात की बशीचा आवाज तुम्हाला खणखणीत ऐकू येतो आहे. तुमच्याआधी नव्वद जण ताटकळले आहेत की नाहीत, आणि तुम्हाला पंगतीत बसायचे आमंत्रण तरी आहे का, यांतले काहीही त्या काड्या सांगत नाहीत. आम्ही मात्र त्या रात्री त्या चार काड्यांकडे आशेने पाहत बसलो होतो!

आवार झाकायचे म्हणजे

हवाईचे जाळे बेटाबेटांमधले. चालत्या माणसाच्या हातातल्या यंत्राला सबंध आवारभर जाळे पुरवण्याचा उद्योग पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरी, कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. अॅलेक्स हिल्स यांनी १९९३ साली ते काम हाती घेतले. तिथल्या संगणकजाळ्याला अँड्र्यू म्हणत, कारण अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन हे दोघेही संस्थापक अँड्र्यूच. म्हणून हे बिनतारी अँड्र्यू. आधी थोड्या इमारती, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आवारभर. वाय-फायचे तांत्रिक प्रमाण, ज्याला ८०२.११ असा आकडा आहे, ते १९९७ साली जाहीर झाले, आणि 'वाय-फाय' हे नाव तर १९९९ चे. म्हणजे बारशाच्या आधीच मूल रांगू लागले होते! या नावाचे लांबलचक रूप पुष्कळ जण सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नये. नावे ठेवणे हाच धंदा असलेल्या एका कंपनीने कानाला बरे लागावे म्हणून ते बनवले, एवढेच.

हिल्स यांना कळून चुकले की इमारतीत लहरींचा काही नेम नसतो. कुठे भिंत लहर गिळते, कुठे लोखंडी कपाट तिला परत फिरवते, कुठे एकच लहर दोन वाटांनी येऊन स्वतःलाच मारते. पुस्तकी हिशेब उपयोगाचा नाही; हातात यंत्र घेऊन खोलीखोलीतून हिंडायचे, मोजायचे, मग बशी कुठे लावायची ते ठरवायचे. फार लांब लावल्या तर मध्ये खड्डा पडतो, फार जवळ लावल्या तर त्या एकमेकींवर ओरडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात जुने वाय-फाय चालते, त्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा तीनच बसतात: पहिली, सहावी आणि अकरावी. शिवाय तोच पट्टा स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीचाही. आपल्या शरीरात पाणीच फार, आणि पाणी या लहरी खाते. म्हणून रिकाम्या दालनात उत्तम चाललेले वाय-फाय दालन भरले की मान टाकते. परीक्षा घेणाऱ्यांनी यंत्रणा तपासायची ती वर्ग भरलेला असताना, एवढे शहाणपण यातून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला सरकारने २००५ सालच्या जानेवारीत मोकळीक दिली, आणि मग आवारा-आवारातून छताला बश्या लटकू लागल्या.

असो. लहरींचे झाले. आता मूळ दुखण्याकडे वळतो.

उसना पासवर्ड

ऑक्टोबरात, दसरा उलटून चार दिवस झाले असतील, भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला. त्याच्या खोलीतल्या त्या लातूरच्या मुलाला विद्यापीठाच्या कार्यालयात बोलावले होते. एका अध्यापिकेबद्दल कुणीतरी इंटरनेटवर अत्यंत घाणेरडा मजकूर लिहिला होता, बनावट नाव घेऊन. बाईंनी तक्रार केली. मजकूर विद्यापीठाच्या जाळ्यातून गेल्याचे निघाले. संगणक केंद्राने नोंदवही काढली, आणि त्या तारखेला, त्या मिनिटाला, त्या जागी नाव होते या मुलाचे!

मुलगा शपथा घेत होता. पण नोंद शपथ जाणत नाही. वसतिगृह सोडावे लागेल अशी भाषा निघाली. त्याचे वडील शेतमजूर, शहरात खोली घेणे त्यांच्या आटोक्याबाहेरचे.

"मामा, त्यानं नाही केलं ते," भाचा म्हणाला.

"तुला काय माहीत?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याचा पासवर्ड मी मजल्यावरच्या आणखी दोघांना दिला होता."

भाच्याला स्वतःचे नाव प्रवेशानंतर नवव्या दिवशी मिळाले होते. पण मधल्या आठ दिवसांत त्याच्यासारखेच शेवटच्या फेरीतले दोघे तोंड पाडून बसले होते, आणि याने जी मदत स्वतःला झाली तीच पुढे केली. त्यात वाईट हेतू तसूभरही नव्हता. फोनचे असे आहे की एकदा घातलेला पासवर्ड तो विसरत नाही. पुढे त्या दोघांना स्वतःची नावे मिळाली, तरी त्यांचे फोन लातूरच्या मुलाचे नाव सांगूनच आत शिरत राहिले.

मी काय सांगणार? "उद्या सकाळी केंद्रात जा आणि जसं आहे तसं सांग," एवढेच म्हणालो. मीही गेलो. त्या पोराची पाठ मी थोपटली होती ना!

केंद्राचे प्रमुख पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी भाच्याचे सगळे ऐकून घेतले, रागावले नाहीत, आणि मग मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिक्षक. तुमच्या हजेरीपटावर दुसऱ्यानं सही केली तर चालेल का हो तुम्हाला?" मग कागद पुढे ओढून त्यांनी मला सगळी व्यवस्था समजावून दिली. ती इतकी सुरेख होती की क्षणभर मी कशासाठी आलो आहे तेही विसरलो.

पूर्वी, ते म्हणाले, सगळ्या आवाराला एकच पासवर्ड असे. तो कॅन्टीनच्या भिंतीवर लिहिलेला सापडला! मग पान उघडणारी पद्धत आली. आधी जोडून घ्यायचे, मग एक पान समोर येते, त्यात नाव भरायचे. तिच्यातही खोट अशी की ते पान काही वेळा येतच नाही. हल्ली बहुतेक सगळी संकेतस्थळे कुलूपबंद असतात. मधल्यामध्ये त्यांच्या जागी दुसरेच पान सारू पाहिले तर फोनला ती फसवणूक वाटते, आणि तो कोरा पडदा दाखवतो. काही ठिकाणी प्रत्येक यंत्राचा क्रमांक नोंदवून घेत. पण २०१९-२० पासून नवे फोन खरा क्रमांक लपवून जाळ्यागणिक टोपणक्रमांक सांगू लागले, त्यामुळे नोंदवलेला फोनच परका ठरू लागला.

आताच्या पद्धतीत छतावरची बशी म्हणजे निव्वळ देवडीवरचा पहारेकरी. तिला कुणाचीच ओळख नाही. तुम्ही नाव सांगता, ती आतल्या कचेरीला विचारते, कचेरी 'होय' म्हणाली की कडी काढते, आणि तुमच्यापुरती वेगळी किल्ली तिथल्या तिथे तयार होते. शेजाऱ्याचे बोलणे शेजाऱ्याला ऐकू जात नाही. उत्तर देणाऱ्या त्या कचेरीला रेडियस म्हणतात. तिचा जन्म १९९१ साली अमेरिकेत, मिशिगनच्या विद्यापीठांनी चालवलेल्या मेरिट नावाच्या जाळ्याच्या गरजेपोटी झाला. तेव्हा लोक टेलिफोनवरून जाळ्यात शिरत. टेलिफोन गेला, पण कचेरी राहिली.

"आता बघा," केंद्रप्रमुख म्हणाले, "या नोंदवहीत वेळ आहे, नाव आहे, जागा आहे आणि जोडलेल्या यंत्राचा क्रमांकही आहे. नाव या पोराचं आहे. यंत्र त्याचं आहे का, ते मी आज बघतो."

यंत्र त्याचे नव्हते. मजल्यावरच्या त्या दोघांपैकी एकाचे निघाले. त्याचे पुढे काय झाले ते इथे सांगत नाही. लातूरच्या मुलाचे वसतिगृह वाचले. पण पासवर्ड दुसऱ्याला दिल्याबद्दल त्याला आणि भाच्याला, दोघांनाही लेखी ताकीद मिळाली, आणि महिनाभर दोघांचे वाय-फाय बंद. नेमका तो परीक्षेचा महिना! मला तो दंड लातूरच्या मुलाच्या बाबतीत जड वाटला, आजही वाटतो. नऊ-नऊ दिवस नाव न देणाऱ्यांना ताकीद कोण देणार? मी हे केंद्रप्रमुखांना बोलूनही दाखवले. ते नुसते हसले. पण पुढच्या वर्षीपासून प्रवेशाच्या दिवशीच तीन दिवसांपुरते तात्पुरते नाव देण्याची व्यवस्था तिथे सुरू झाली आहे.

दिवाळीपर्यंत तो मुलगा भाच्याशी बोलला नाही. एका खोलीत दोन खाटा, मध्ये चार फूट अंतर, आणि बोलणे नाही. सुटीहून परतताना माझ्या बहिणीने अनारशांचा डबा भरून दिला आणि बजावले, "याच्यातला एकही तू खायचा नाहीस." डबा तीन दिवस टेबलावर तसाच राहिला म्हणे. चौथ्या दिवशी झाकण निघाले.

परगावी जामीन

त्या दिवशी निघताना केंद्रप्रमुखांनी जाळ्यांच्या यादीतले दुसरे एक नाव दाखवले: एज्युरोम. "हे आमचं नव्हे, हे जगाचं," ते म्हणाले.

त्याची कथा अशी. नेदरलँड्समध्ये तिथल्या विद्यापीठांचे जाळे सांभाळणारी सर्फनेट ही संस्था होती. तिच्यातल्या क्लास विरेंगा यांनी २००२ साली युरोपातल्या शैक्षणिक जाळ्यांच्या तेरेना या संघटनेपुढे एक कल्पना मांडली. प्राध्यापक, विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातात आणि प्रत्येक ठिकाणी पाहुण्यांचे नाव-पासवर्ड मागत फिरतात. त्यापेक्षा यजमान विद्यापीठाने त्यांच्या घरच्या विद्यापीठालाच का विचारू नये? २००३ मध्ये नेदरलँड्स, जर्मनी, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन या देशांतल्या संस्थांनी हे करून पाहिले. २००४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आला. आज शंभरावर देशांत ते चालते. भारतात ते काम अर्नेट इंडिया पाहते.

आमच्या लहानपणी गावचा मुलगा मुंबईला निघाला की मास्तर नाहीतर पाटील चिठ्ठी देत. गिरगावातल्या खानावळवाल्याला मुलाची ओळख नसे, पण चिठ्ठी देणाऱ्याची असे. एज्युरोम तसेच आहे. तुमच्या नावापुढे ते पिळाचे चिन्ह आणि मग तुमच्या संस्थेचे नाव असते. यजमानाची कचेरी फक्त संस्थेचे नाव वाचते, आपल्याला ठाऊक नसेल तर देशाच्या कचेरीकडे प्रश्न पाठवते, ती गरज पडल्यास आणखी वर, आणि तिथून तो प्रश्न तुमच्या देशात, तुमच्या विद्यापीठात येऊन पोचतो. 'होय, आमचाच,' असे उत्तर त्याच वाटेने परत जाते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर! आणि गंमत म्हणजे पासवर्ड मोहोरबंद पाकिटातून जातो. वाटेतल्या कुणालाही, यजमान विद्यापीठालासुद्धा, तो वाचता येत नाही. पाकीट फुटते ते घरीच.

मात्र चिठ्ठीच्या या कारभारात मोठी मेख आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. पहारेकरी तुमची ओळख विचारतो. तुम्ही पहारेकऱ्याची विचारता का? कुणीही भामटा पिशवीत छोटे यंत्र ठेवून त्याला विद्यापीठाच्या वाय-फायचेच नाव देऊ शकतो. तुमचा भोळा फोन ओळखीचे नाव पाहून आपण होऊन त्याच्याकडे जातो आणि पाकीट भामट्याच्या हातात देतो. त्यातून पासवर्ड, किंवा तो उलगडून काढता येईल एवढा ऐवज त्याला मिळतो. हे होऊ नये म्हणून घरच्या कचेरीजवळ एक प्रमाणपत्र असते. पाकीट देण्याआधी फोनने ते मागायचे आणि त्यावरचे नाव ताडून पाहायचे. पण फोनमध्ये वर्षानुवर्षे 'तपासू नका' असा एक पर्याय होता, आणि 'लवकर जोडलं जातं' म्हणून पोरे एकमेकांना तोच निवडायला सांगत! २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांतून तो काढून टाकायला सुरुवात झाली. तेव्हा पुष्कळांनी 'वाय-फाय बिघडलं' अशी हाकाटी केली. बिघडले काहीच नव्हते. इतके दिवस उघडी पडलेली एक खिडकी बंद झाली होती.

तेव्हा ज्यांची मुले यंदा शिकायला बाहेर पडणार आहेत त्यांनी एवढे करावे. जाळ्याची जुळवणी मुलाने हाताने अंदाजाने भरू नये. संस्थेने तयार ठेवलेली जुळवणी घ्यावी. एज्युरोमसाठी गेटएज्युरोम नावाचे अॅप आहे, आणि ज्या संस्थांनी आपली माहिती तिथे दिली आहे त्यांची जुळवणी त्यातून आपोआप होते. ती मिळत नसेल तर प्रमाणपत्राच्या रकान्यात काय निवडायचे आणि सर्व्हरचे नाव काय लिहायचे, हे संगणक केंद्रात विचारून कागदावर लिहून घ्यावे. नाव पुरे लिहावे, संस्थेसकट. नुसते नाव आपल्या आवारात चालून जाते, परगावी अडते. परदेशी जायचे असेल तर हे सारे निघण्यापूर्वी आपल्याच आवारात जोडून पाहावे, कारण तिथे उतरल्यावर जुळवणी उतरवून घ्यायलाही आधी इंटरनेट लागते! आणि पासवर्ड बदलला की जुना फोनला विसरायला लावावा. नाहीतर तो जुनाच पुन्हा पुन्हा सांगत राहतो, आणि शेवटी कचेरी नावाला कुलूप घालते.

भाचा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. या २०२५ च्या जूनमध्ये तो दोन महिन्यांसाठी नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठात एका प्रकल्पासाठी गेला. बहिणीच्या घरी आठवडाभर आधीपासून धांदल. शेंगदाण्याची चटणी किती, मेतकूट किती, वजन किती भरते, याचीच चर्चा. मी मात्र त्याला दोनदा विचारले, "जुळवणी करून पाहिलीस ना?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ.

"मामा, इथल्या ग्रंथालयात शिरलो, फोन खिशातच होता. काढून बघतो तर जोडलेला! मला कुणी काही विचारलंच नाही."

"विचारलं असणार," मी म्हणालो. "तुला नसेल विचारलं. तुझ्या विद्यापीठाला विचारलं असेल."

"हो, तेच ते. म्हणजे इथं बसून मी कोण हे तिकडून सांगितलं गेलं!"

"आईला फोन केलास का?"

"केला. पण पहिला त्याला केला." त्याला म्हणजे लातूरच्या मुलाला.

"मग? काय म्हणाला तो?"

भाचा हसू लागला. "तो म्हणाला, माझा पासवर्ड तर घातला नाहीस ना तिथं?"